पाळण्यात आधी मी

मी एक जुना वरवंटा आहे. खरं तर ‘जुना’ हा शब्दही मला तोकडा पडतो. मित्रांनो, पृथ्वीवर माणूस नव्हता, हत्ती नव्हता आणि पुणंही नव्हतं (हे पुणेकरांना पटणार नाही, तरी नव्हतं), तेव्हा जमिनीच्या पोटातून तापलेला रस उसळून वर आला आणि निवून त्याचा काळा कातळ झाला. त्या कातळाचा मी वंशज. माझ्या डोळ्यांदेखत डोंगर झिजले, नद्यांनी पात्रं बदलली, राज्यं आली आणि गेली. मी मात्र अढळ राहिलो. सध्या मी खराडीत अकराव्या मजल्यावर राहतो. बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला त्याला लावून ठेवतात आणि माझ्या अंगावर पायपुसणी वाळत घालतात.

माझा जन्म वाघोलीच्या खाणीतला. तिथल्या पाथरवटाने मला छिन्नीने घडवलं. दोन्ही टोकं हाताला बसतील अशी निमुळती केली आणि पोट गोल केलं. खराडीच्या गेनबांनी स्वतःच्या लग्नाआधी मला आणि पाट्याला बैलगाडीतून घरी आणलं. गाडीत मी पाट्यावर निजलो होतो. आमचंही लग्न त्याच रस्त्यावर लागलं असं समजा. फरक इतकाच, की गेनबांच्या लग्नात जेवणावळ झाली आणि आमच्या लग्नात आम्हीच जेवण वाटलं.

मग कामाची वर्षं आली. चटणी, ठेचा, भिजवलेली डाळ, सणाला पुरण. माझ्या हातच्या, म्हणजे माझ्या पोटाखालच्या, लसणाच्या चटणीचं कौतुक नदीपलीकडे पोचलं होतं. पण मित्रांनो, माझा खरा मान चटणीत नव्हता. तो बारशात होता.

तुमच्यापैकी काहींना हे ठाऊक नसेल. बारशाच्या दिवशी पाळण्यात बाळ आधी जात नाही. आधी वरवंटा जातो. मला न्हाऊ घालतात, तेल लावतात, कुंची घालून गळ्याखाली बंद बांधतात. मला गळा नाही ही गोष्ट कोणी मनावर घेत नाही. त्या दिवसापुरता मी गोप्या. बायका पाळण्याच्या वरून आणि खालून मला एकमेकींच्या हाती देतात, गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणतात, आणि मी थोरल्या भावासारखा पाळण्यातली जागा बाळासाठी उबदार करून ठेवतो. दगडाने ऊब कशी द्यायची हे विचारू नका. मान मिळाला की जमतं.

गेनबांच्या घरात याच्याही पुढची एक रीत होती. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा हक्क आत्याचा, हे सगळीकडेच आहे. आमच्याकडे आत्याने तेच नाव आधी माझ्या कानात सांगायचं. त्यामागचा हिशेब सरळ होता. दृष्ट म्हणजे गल्लीत पत्ता शोधत आलेल्या पाहुण्यासारखी. त्या नावाचं पहिलं घर दिसलं की ती तिथेच पिशवी ठेवते. मग ती बाळाकडे जाण्याऐवजी दगडाकडे राहिलेली बरी. अशा रीतीने मी काही काळ दत्तोबा होतो, काही काळ द्वारका होतो आणि काही काळ ऋषी होतो. दत्तोबा हे गेनबांचे चिरंजीव. द्वारका आणि ऋषी ही दत्तोबांची मुलं. ऋषीच्या वेळी सकाळीच माझ्यावर मिरच्या वाटल्या होत्या आणि मला घाईत धुतलं होतं. बाळ पाळण्यात ठेवल्याबरोबर शिंकायला लागलं. त्याची आई आनंदीबाई म्हणाली, “लई मोठा मानूस व्हनार ह्यो.” पुढे तो संगणकाच्या कामाला लागला. दिवसभर थंड खोलीत बसतो आणि अजून शिंकतो.

नंतर मिक्सर आला. त्याच्याविषयी मी वाईट बोलणार नाही, कारण तो बिचारा फार जगत नाही. मी आतापर्यंत त्याचे पाच अवतार पाहिले. मग शेत गेलं, त्या जागी काचेच्या इमारती आल्या, आणि जिथे आमचा गोठा होता तिथे आता लिफ्ट आहे. घर अकराव्या मजल्यावर गेलं तेव्हा मला वर आणलं. पाटा जड म्हणून खाली पार्किंगमध्येच राहिला. त्याच्यावर सोसायटीची तुळस ठेवली आहे, असं ऐकतो. त्याचं बरं आहे. माझ्यावर पायपुसणी.

आता मी सांगतो ती गोष्ट अलीकडची आहे.

दत्तोबांची थोरली लेक द्वारका विश्रांतवाडीला राहते. ब्लाउज शिवण्याचं तिचं छोटं दुकान आहे. तिला मूल झालं नाही. त्याबद्दल ती बोलत नसे आणि दुसऱ्याला बोलू देत नसे. पण ऋषीच्या हळदीच्या दिवशी मी बाजूलाच होतो. हळकुंडं कुटायला मला बोलावलं होतं. तेव्हा ती आनंदीबाईंना म्हणाली, “आई, ह्याला मुलगी झाली तर नाव माझ्याकडे तयार आहे. कोणी डोकं चालवायचं नाही.”

“कंचं गं?”

“बारशाला कळेल.”

ते नाव तिने कधीकाळी कोणासाठी जपून ठेवलं असेल हे घरात सगळ्यांना समजलं. म्हणून पुन्हा कोणी विचारलं नाही.

पुढे ऋषी आणि त्याची बायको उत्कर्षा नोकरीसाठी आयर्लंडला गेले. कॉर्क नावाच्या गावात राहिले. तीन वर्षांनी, दत्तोबा गेल्यानंतर दोनेक महिन्यांत, परत आले तेव्हा उत्कर्षाला सातवा महिना होता. तिचं माहेर सोलापूरचं, पण डॉक्टरांनी आणखी प्रवास नको म्हटल्यामुळे बाळंतपण इथेच झालं. मुलगी झाली. मला बाल्कनीतूनच बातमी कळली. अनेक वर्षांनी मी पायपुसणीखालून जरा ताठ बसलो.

बारशाला तीन दिवस होते. द्वारका स्कूटरवरून आली. पिशवीत दोन कुंच्या होत्या. एक मऊ जांभळ्या खणाची बाळासाठी, आणि दुसरी उरलेल्या तुकड्यांची माझ्यासाठी. ऋषीने तिला पाणी दिलं, मग पुन्हा पाणी दिलं, मग तिसऱ्यांदा द्यायला लागला.

“मी काय टँकर आहे का?” द्वारका म्हणाली. “बोल काय ते.”

“ताई, नावाचं बोलायचं होतं.”

“ते ठरलंय.”

“हो, म्हणजे, आम्हीपण एक ठरवलंय.” ऋषी शिंकला. “रोशीन.”

आनंदीबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी विचारलं, “कुठलं म्हनायचं हे?”

“आयरिश आहे, आई. त्यांच्याकडे छोट्या गुलाबाला म्हणतात.”

“तिकडं काय पिकतं?”

“बटाटा. पूर्वीपासून.”

“मंग मानसं बरी असतील,” आनंदीबाई म्हणाल्या आणि पुढची पाकळी घेतली.

“छान आहे,” द्वारका म्हणाली. मित्रांनो, पुण्यात ‘छान’ या शब्दाला स्वतःचा अर्थ नसतो. तो बोलणाऱ्याच्या भुवईवर अवलंबून असतो. “मग माझं काय काम? तुम्ही ठरवलेलं मी कानात पोचवायचं. त्याला आत्या कशाला लागते? कुरिअरवाल्याला बोलवा. ओटीपीपण घेईल तो.”

“ताई, तसं नाही गं. त्यामागे एक कारण—”

“आणि कुर्रर्र मोबाइललाच करायला लावा. बॅटरी फुल्ल ठेवा म्हणजे झालं.”

तिने हेल्मेट उचललं. कुंच्या टेबलावर ठेवल्या. जाताना बाल्कनीच्या दाराशी तिचा अंगठा मला लागला. तिला लागलं असणार, पण ती कळवळली नाही. नुसतं माझ्याकडे बघून म्हणाली, “याला अजून इथेच ठेवलाय.” ते वाक्य माझ्याविषयी होतं की स्वतःविषयी, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्यानंतर ऋषीने फोन केले. ती उचलेना. मेसेज पाठवले. निळ्या खुणा झाल्या, उत्तर नाही. शेजारच्या श्यामलाकाकू मूळच्या सदाशिव पेठेतल्या, त्यामुळे दुसऱ्याच्या अडचणीत त्यांना तोडगे लगेच सुचतात. त्या म्हणाल्या, “एवढं काय त्यात? मी सांगते कानात. माझा उच्चार स्वच्छ आहे.”

आनंदीबाईंनी शांतपणे चहा ओतला. “आत्या न्हाय तर बारसं न्हाय,” त्या म्हणाल्या. “मंग पोरीला बाळ म्हनूनच हाक मारा. शाळंत पन तसंच घाला.”

मी पाहिलं, उत्कर्षा बाळाला घेऊन बाल्कनीत येई आणि तिला नुसतं ‘ए’ म्हणे. ठरवलेलं नाव तिने एकदाही घेतलं नाही. आत्याने सांगण्याआधी आपण ते उच्चारायचं नाही, एवढा मान ती राखत होती. तो मान राखला जातो आहे हे विश्रांतवाडीला कळायला मात्र काही मार्ग नव्हता.

बारशाच्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात द्वारका.

“कुंचीला बंद लावायचे राहिलेत,” ती म्हणाली. बंद लावलेले होते. कोणी तसं म्हटलं नाही.

तिने हेल्मेट काढलं, बादली घेतली आणि सरळ बाल्कनीत येऊन मला धुवायला बसली. चांगलं रगडून धुतलं. ऋषीच्या शिंका तिला आठवत असाव्यात. थोड्या वेळाने उत्कर्षा तेलाची वाटी घेऊन आली आणि हळूच शेजारी टेकली.

“तू कशाला आलीस? पाठ दुखेल,” द्वारका म्हणाली.

“ताई, एक सांगू? ऐकून तुम्ही रागवा, चालेल.”

“रागावलेलीच आहे. पुढे बोल.”

“तुम्ही ऋषीला फोन केला होतात ना, बाबा आयसीयूत होते तेव्हा? लगेच ये म्हणून?”

“मग? करायचा नव्हता?”

“करायचाच होता. पण तेव्हा मला पाचवा महिना होता आणि डॉक्टरांनी पलंगावरून उतरायचंच नाही म्हणून सांगितलं होतं. बाळ राहील की नाही, त्यांनापण माहीत नव्हतं.”

द्वारकाचा हात माझ्यावर थांबला.

“मला तो म्हणाला, तू ऑफिसच्या कामात आहेस.”

“मीच तसं सांगायला लावलं. तुम्हाला इकडे बाबांचं बघायचं होतं. त्यात अजून माझं कुठे? तो निघतच नव्हता. बॅग भरायचा, परत उघडायचा. मग शेजारच्या आजी आल्या. सत्तरीच्या आहेत, एवढ्याशा. त्या त्याला म्हणाल्या, तू जा, बाप एकदाच जातो. आणि स्वतःची उशी घेऊन आमच्या सोफ्यावर राहायला आल्या. तो येईपर्यंत तिथेच.”

“तो तेराव्यानंतर गेला,” द्वारका म्हणाली.

“हो. तेवढे सगळे दिवस. सूप करायच्या. मीठ कमी असायचं, पण करायच्या. संध्याकाळी माझ्या पायांना तेल लावायच्या आणि पोटाशी बसून हिला दिवसभराच्या बातम्या द्यायच्या. आज पाऊस, उद्या पाऊस, अमक्याच्या कुत्र्याला पिल्लं झाली. मी म्हटलं, तिला काय कळतंय? तर म्हणाल्या, गप्पा चालू असल्या की माणूस उठून जात नाही.”

बाल्कनीत वारा होता. दार माझ्याविना एकदा आपटलं. दोघींनीही लक्ष दिलं नाही.

“त्यांचं नाव रोशीन,” उत्कर्षा म्हणाली.

द्वारकाने वाटीत बोटं बुडवली आणि मला तेल लावायला घेतलं. बराच वेळ लावलं.

“तिला मुलं किती?”

“नाहीत.”

“नवरा?”

“होते. बोटीवर असायचे. वारले.”

“म्हणजे नाव तिच्यापाशीच संपायचं.”

उत्कर्षाने मान हलवली. मग म्हणाली, “पण ताई, तुमच्या मनात जे आहे ना, ते ठेवूया. मी ऋषीशी बोलते. आजींना माहीतच नाही आम्ही काय ठरवलंय. त्यांना वाईट वाटायचा प्रश्न नाही.”

मित्रांनो, मी दगड आहे, पण त्या क्षणी मला घाम फुटल्यासारखं वाटलं. तेलही असेल. गेल्या अनेक वर्षांत द्वारकाने ते नाव कोणालाही सांगितलं नव्हतं. आता ते पाळण्यात ठेवायला फक्त ‘बरं’ म्हणायचं होतं.

ती म्हणाली, “कुंची दे इकडे.” आणि माझ्या नसलेल्या गळ्याखाली बंद बांधला.

संध्याकाळी हॉल बायकांनी भरला. पाळण्याला मोगऱ्याच्या माळा होत्या. ऋषीने मोबाइल एका स्टँडवर लावला होता आणि त्याच्या पडद्यावर निळी टोपी घातलेल्या एक छोट्याशा आजी दिसत होत्या. आमच्याकडे संध्याकाळ, त्यांच्याकडे दुपार. त्या सारख्या हात हलवत होत्या.

“ह्या कोण?” श्यामलाकाकूंनी विचारलं.

ऋषी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात द्वारका म्हणाली, “आत्या. तिकडची.”

श्यामलाकाकूंनी भुवई वर केली, पण पेढा घेतला.

मग मला पाळण्यात ठेवलं. इतक्या वर्षांनी. खाली मऊ दुपटं, वर जांभळी कुंची. द्वारका वाकली आणि तिने तोंड माझ्याजवळ आणलं. रीत तुम्हाला ठाऊक आहे. जे नाव बाळाला, तेच आधी मला. मी ‘रोशीन’ ऐकायच्या तयारीत होतो. काही काळ आयरिश व्हायला माझी हरकत नव्हती.

तिने दुसरंच नाव सांगितलं.

आधी ते बाहेर येईना. तिचा श्वास माझ्यावर लागत होता. मग एकदा सांगितलं, आणि पुन्हा एकदा, अगदी हळू, जसं झोपलेल्या मुलीला शाळेसाठी उठवताना म्हणतात तसं.

“काय गं द्वारका, दगडाला गोष्ट सांगतेस का?” मागून कोणीतरी म्हणालं. बायका हसल्या.

“थोरला आहे तो. त्याला नीट समजावून सांगावं लागतं,” द्वारका म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. डोळे मी पाहिले. बाकी कोणी पाहिले नाहीत, कारण ती अजून वाकलेली होती.

मग गोविंद घ्या, गोपाळ घ्या. मी पाळण्याच्या वरून गेलो, खालून आलो. श्यामलाकाकूंनी मला पकडताना “बापरे, काय खातो हा” म्हणून दुसरीकडे दिलं. मग मुलगी पाळण्यात आली. द्वारकाने स्टँडवरचा मोबाइल उपटला आणि तो धरूनच पाळण्यात वाकली. बाळाच्या कानात ती एक शब्द बोलली. मग मोबाइल पुढे करून म्हणाली, “उत्कर्षा, त्यांना सांग, म्हणा, कुर्रर्र.”

उत्कर्षाने इंग्रजीत समजावलं. टोपीवाल्या आजींना आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली, घसा साफ केला आणि समुद्रापलीकडून असा काही कुर्रर्र केला, की मुलीने डोळे उघडले. तेवढा लांब र आमच्या हॉलमधल्या एकीलाही जमला नसता. बायकांनी रीतीप्रमाणे द्वारकाच्या पाठीत धपाधप थापा घातल्या. नेहमीपेक्षा जरा जास्तच. फोन न उचलल्याच्याही त्यात धरल्या असाव्यात.

“नाव ठेवलं रोशीन,” द्वारकाने मोठ्याने सांगितलं.

पडद्यावरच्या आजी काहीतरी विचारत राहिल्या. आपलंच नाव कोणी का घेतलं हे त्यांना समजत नव्हतं. उत्कर्षाने सांगितलं. मग त्यांनी टोपी पुन्हा घातली आणि ती डोळ्यांवर ओढली. आनंदीबाईंनी मोबाइलजवळ जाऊन त्यांना घुगऱ्यांची वाटी दाखवली. “घ्या वो,” म्हणाल्या. “मीठ बरुबर हाय.”

पाहुणे गेल्यावर उत्कर्षा माझ्या अंगावरची कुंची उतरवायला आली. द्वारका हेल्मेट शोधत होती.

“ताई, गोप्याच्या कानात किती वेळ बोलत होतात. काय सांगितलंत?”

“तुला काय करायचंय? आमच्यातलं आहे ते.” मग हेल्मेटचा पट्टा लावता लावता म्हणाली, “आणि ती कुंची राहू दे त्याला. काढू नकोस.”

नेहमी ती मला पायाने सरकवून दार लावते. त्या दिवशी तिने मला दोन्ही हातांनी उचललं, बाल्कनीच्या दाराशी नेऊन ठेवलं आणि ते नाव एकदा घेतलं. नुसतं ‘येते हं’ म्हणावं, तसं. अजूनही दर रविवारी ती पुतणीला भेटायला येते. आधी आत जाते, रोशीनचे पापे घेते. जाताना दोन मिनिटं बाल्कनीत येते. माझी कुंची नीट करते. नावाने हाक मारते. घरच्यांना वाटतं, ताईला वाऱ्याची आवड लागली.

मित्रांनो, रीतीप्रमाणे बाळाचं नाव माझ्यापाशी असायला हवं होतं. ते नसल्याने दृष्ट गोंधळली असावी. ती कुठल्या नावाच्या पत्त्यावर फिरते आहे कोण जाणे. मुलगी ठणठणीत आहे. मिक्सर मात्र परवा बंद पडला.

ते नाव मी सांगणार नाही. आजवर मी बाळांसाठी नावं तेवढ्यापुरती अंगावर घेतली आणि लगेच परत दिली. हे एक मला कायमचं मिळालं. घरात प्रत्येक जुनी वस्तू ठेवायलाच हवी असं मी म्हणत नाही. अकराव्या मजल्यावर जागा किती असते ते मी पाहतो. पण टाकण्याआधी तिला एकदा विचारा, तुझ्यापाशी कोणाचं काही ठेवलंय का. ती सांगणार नाही. तरी विचारा.

आणि जाता जाता एक लहानशी विनंती. कुंची खणाची आहे. तेव्हा पायपुसणी वाळत घालायची असेल, तर आधी पिळून घाला.